कासवाला जंताचं औषध द्यायचं का? पॅनॅक्युर आणि पोस्टाने शी-तपासणी, माझा दोन वर्षांचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. पोस्टाने शी तपासून देणारी सर्व्हिस: पाचपैकी साडेचार. पॅनॅक्युर १० टक्के लिक्विड: चार, पण व्हेटने वजन बघून डोस लिहून दिला असेल तरच, स्वतःच्या मनाने देणार असाल तर ती बाटली न उघडलेलीच बरी. आणि ज्या एक्झॉटिक व्हेटकडे, म्हणजे कासवं-सरडे बघणाऱ्या डॉक्टरकडे, मी आता जाते तिला पाचपैकी पाच, कारण पहिल्याच भेटीत तिने मला औषध द्यायला नकार दिला.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आमच्याकडे हर्मन जातीची मादी आहे, नाव करवंटी. पिल्लू असताना माझे सासरे इथे आले होते, त्यांनी तिला तळहातावर घेतलं आणि म्हणाले अगं ही तर नारळाची करवंटी, तेच नाव पडलं. आता ती नऊ वर्षांची आहे, वजन साधारण १,१०० ग्रॅमच्या पुढेमागे. ब्रीडरकडून घेतली, आर्टिकल १० चं, म्हणजे कायदेशीर खरेदी-विक्रीचं, सर्टिफिकेट आहे, पोटाकडचं कवच ६० मिलिमीटरच्या वर गेलं तेव्हा मायक्रोचिप बसवली. हे मुद्दाम लिहितेय कारण भारतातले बरेच जण वाचतील आणि आपल्याकडे हे चालत नाही. आपलं स्टार कासव घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते कुणी प्रेमाने आणून दिलेलं असो की अंगणात सापडलेलं असो. महाराष्ट्रात असं कासव मिळालं तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा, जंताचं औषध वगैरे ते लोक बघतील, तुम्ही काही देऊ नका.

आता मूळ गोष्ट.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये करवंटीची चोच वाढली होती म्हणून घराजवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. नाव लिहीत नाही. कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक, माणसं चांगली, बोलायला अगदी गोड, चोचही नीट घासून दिली. जाता जाता विचारलं, शेवटचं डीवर्मिंग कधी केलंत? मी म्हटलं कधीच नाही. तर म्हणाले मग आत्ताच करून टाकू, दर सहा महिन्यांनी करत जा, आणि तिथेच सिरिंजने तोंडात औषध सोडलं. वजन केलं नाही, शी तपासली नाही. आणि मीही काही विचारलं नाही, कारण मला ते अगदी बरोबर वाटलं. आपल्या घरांत हेच चालत आलंय ना, दर सहा महिन्यांनी जंताची गोळी, पोट दुखलं की जंत, रात्री दात खाल्ले की जंत, आई वावडिंग उगाळून द्यायची. शाळांमध्ये १० फेब्रुवारीला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात ते तर सगळ्यांना माहीत आहे, माझी भाचीही घेते. लहान मुलांसाठी ते योग्यच आहे, एकेका मुलाची शी तपासत बसणं शक्य नाही आणि गोळी सुरक्षित आहे. पण तोच नियम मी कासवाला लावला.

तिसऱ्या दिवसापासून शी पातळ आणि हिरवट, खाणं बंद. नऊ दिवस तिने तोंडाला काही लावलं नाही. नोव्हेंबरच्या मध्यात तिला झोपवायचं होतं, म्हणजे शीतनिद्रेत घालायचं होतं, ते रद्द करावं लागलं कारण अशक्त किंवा आजारी कासवाला झोपवलं तर ते उठेलच याची खात्री नसते. सगळा हिवाळा ती दिव्याखाली जागी. औषधानेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्याच आठवड्यात एकदम थंडी पडली होती आणि ऑक्टोबरमध्ये ती तशीही खाणं कमी करते. पण तिच्या पोटात जंत आहेत का, असले तर कुठले, किती, हे कुणी बघितलंच नव्हतं, आणि औषध घालून मोकळे झालो. माझा राग त्यावर आहे, आणि त्यातला अर्धा स्वतःवर.

मार्चमध्ये तासाभराच्या अंतरावर एक एक्झॉटिक व्हेट सापडली. रोज कासवं, सरडे, पोपट बघणारी. तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी जवळजवळ हट्टच धरला की पुन्हा डीवर्मिंग करायचं का, सहा महिने होत आले. तिने उलट विचारलं, शी आणलीय का? नव्हती आणली. मग म्हणाली आधी शी, औषधाचं नंतर बोलू. आणि पंचवीस मिनिटं बसून मला जे समजावलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहितेय, कारण त्या फीमधलं मला सगळ्यात जास्त उपयोगाचं तेच पडलं.

हर्मन कासव म्हणजे पूर्ण पाल्यावर जगणारा प्राणी. गाईचं पचन जसं पुढच्या पोटात सूक्ष्मजीव करतात तसं कासवाचं मागे, मोठ्या आतड्यात होतं. गवत, पानं, तंतू तिथे आठवडे-आठवडे कुजत पचत राहतात. त्या आतड्यात ऑक्झ्युरिड नावाचे बारीक जंत राहतात, पिनवर्म म्हणतात ते, जंगलातल्या कासवांमध्येही ते सर्रास सापडतात. थोडे असतील तर ते कासवाला काही करत नाहीत, उलट आतला पाला ढवळायला, बारीक करायला त्यांची मदतच होत असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. म्हणजे शीत चार अंडी दिसली की लगेच औषध हे चुकीचं. खूपच झाले, कासव वजन घेत नाही, शी बिघडलीय, मग गोष्ट वेगळी. दुसरा प्रकार अ‍ॅस्कॅरिड, मोठे गोल जंत, आपल्या माणसांच्या पोटातल्या जंतांसारखे दिसणारे. कासवातल्याचं नाव अँगस्टिकेकम. ते आतड्यात गोळा होऊन अडथळा करू शकतात, शिवाय अंडी मातीत खूप काळ टिकतात, तिथे व्हेट दयामाया दाखवत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे जंतच नाहीत अशी मंडळी, फ्लॅजेलेट वगैरे एकपेशीय, त्यांच्यावर पॅनॅक्युरचा भरवसा धरता येत नाही, तिथे दुसरं औषध लागतं. हेक्सामिटा त्यातलाच, तो मूत्रपिंडाला धरतो. म्हणून आत नेमकं काय आहे हे न बघता औषध दिलं तर कदाचित निरुपद्रवी जंत मरतील आणि ज्याने त्रास होतोय ते तसंच राहील.

आता औषधाची दुसरी बाजू. पॅनॅक्युर म्हणजे फेनबेंडाझोल. जंताच्या पेशींमध्ये ट्युब्युलिन नावाचं जे प्रोटीन असतं त्याला ते चिकटतं, पेशीचा सांगाडाच उभा राहत नाही, जंताला साखर घेता येत नाही आणि तो उपाशी मरतो. कासवापेक्षा जंतावर ते कितीतरी जास्त चालतं म्हणून औषध. पण कासवाच्या ज्या पेशी भराभर वाढतात, अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, त्यांच्यावरही डोस जास्त झाला किंवा बरेच दिवस चालला तर परिणाम होऊ शकतो. २००५ साली निरोगी हर्मन कासवांवरच एक अभ्यास छापून आला, दर किलोला ५० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस, मग दोन आठवड्यांनी परत पाच दिवस. कासवं बाहेरून ठीक दिसत होती पण रक्तात पांढऱ्या पेशी बऱ्याच काळासाठी कमी झाल्या होत्या. मी हे ऐकलं आणि मला करवंटीचे ते नऊ दिवस आठवले. तेच कारण होतं असं व्हेट म्हणाली नाही, तिने फक्त सांगितलं की जंतांपासून धोका किती आणि औषधापासून किती हे दर वेळी तोलायचं असतं, आणि शी न बघता तोलणार कसं.

तर ती शी-तपासणीची सर्व्हिस. व्हेटकडेही होते पण दर वेळी तासभर गाडी चालवायची म्हणून तिनेच सांगितलं की नुसत्या तपासणीसाठी पोस्टाने पाठवली तरी चालेल. २४ पौंड. घरी पाकीट येतं, त्यात झाकणाला चमचा असलेली छोटी ट्यूब, हातमोजे, दोन झिपच्या पिशव्या आणि परतीचं पाकीट. सूचना एका कार्डावर, सरळ भाषेत, हे मला आवडलं.

शी कशी घ्यायची हे मी अनुभवाने शिकले. बागेतून उचलू नका. मातीत स्वतःचे वेगळे बारीक कृमी असतात, ते शीत शिरले की रिपोर्टमध्ये गोंधळ. सकाळी कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खाली, वीसेक मिनिटं. करवंटी दहा मिनिटं पाणी पिते, मग मागचे पाय ताणते, मग शेपूट सरळ होते, की समजायचं आलं. लगेच चमच्याने उचलायचं, पाणी निथळू द्यायचं. सोबत पांढरं टूथपेस्टसारखं येतं ते युरेट, लघवीचा भाग, ते ट्यूबमध्ये नको. तीन वेगवेगळ्या दिवसांचं थोडं थोडं घ्यायचं कारण अंडी रोज पडतातच असं नाही, एका दिवसाची शी स्वच्छ निघाली म्हणजे पोट स्वच्छ असं नसतं. ट्यूब फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, आणि आमच्याकडे ती डबल पिशवीत आणि डब्यात, कारण ज्या फ्रीजमध्ये माझी कोथिंबीर असते तिथे मी हे उघडं ठेवणार नाही. पोस्टात सोमवारी किंवा मंगळवारीच टाकायचं. मी एकदा शुक्रवारी टाकलं, ते वीकेंडभर कुठेतरी पडून राहिलं, लॅबने प्रामाणिकपणे कळवलं की सॅम्पल खराब झालंय, पण दुसरं किट फुकट दिलं नाही. ठीक आहे, चूक माझी होती.

दोन दिवसांत ईमेल. पहिल्यांदा, म्हणजे २०२३ च्या एप्रिलमध्ये, ऑक्झ्युरिड एक प्लस, अ‍ॅस्कॅरिड दिसले नाहीत. मी फोन करून व्हेटला वाचून दाखवलं, ती म्हणाली काही करू नका, वजन दर आठवड्याला लिहा. ऑगस्टच्या शेवटी परत तपासलं, तसंच. औषध नाही. त्या वर्षी ती तीन महिने व्यवस्थित झोपली, गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीज आहे तिच्यासाठी, पाच अंशांवर, वजन दहा टक्क्यांच्या आतच घटलं, फेब्रुवारीच्या शेवटी उठली, अंघोळ झाली आणि दुसऱ्याच दिवशी डँडेलियन खाल्लं. जंत घेऊन झोपलेली कासवीण तशीच जंत घेऊन उठली आणि ठणठणीत. मला हे पचायला वेळ लागला, मनातून सारखं वाटायचं की आत किडे आहेत आणि मी काही करत नाहीये.

अर्धा स्टार का कापला ते सांगते. एक, रिपोर्टमध्ये नुसते प्लस. एक प्लस म्हणजे किती, काळजी करायची का, शेवटी एक ओळसुद्धा नाही. ज्याच्याकडे फोन करायला व्हेट नाही तो बिचारा घाबरून औषधच आणेल. दुसरं जास्त महत्त्वाचं. वेबसाइटवर सगळे परजीवी तपासतो असं लिहिलंय, पण ते फ्लॅजेलेट जिवंत आणि हलत असताना ओळखता येतात, त्याला काही तासांच्या आतली ताजी शी लागते. पोस्टात दोन दिवस घालवून आलेल्या सॅम्पलमध्ये ते मरून गेलेले असतात. हे त्यांनी स्पष्ट लिहायला पाहिजे. कासव खात नाही, शीला विचित्र वास येतोय, लघवी घट्ट आहे, अशा वेळी पोस्टावर विसंबू नका, ताजी शी घेऊन सरळ व्हेट गाठा.

आता गेल्या वर्षीचा जून. अंघोळीच्या पाण्यात शी झाली आणि तिच्यातून एक शेवई बाहेर आली. मला खरंच वाटलं की शेवईचा तुकडा कुठून पडला. फिकट पांढरा, दोन्ही टोकांना निमुळता, पाचेक सेंटिमीटर. मग तो हलला. हळू, एका टोकाने, पाण्यात वेटोळं घालून परत सरळ झाला. मी टब तसाच ठेवून खुर्चीत बसले. माझ्या लेकीने मात्र शांतपणे जॅमची रिकामी बाटली आणली, चमच्याने तो आत घेतला, वरून थोडं पाणी टाकलं आणि झाकण लावलं, आणि त्याच दुपारी आम्ही बाटली, ताजी शी आणि करवंटी असे तिघांना घेऊन व्हेटकडे.

तिने आधी ताज्या शीचा थेंब स्लाइडवर बघितला, फ्लॅजेलेट वाढलेले दिसले नाहीत. मग शी दाट मिठाच्या पाण्यात कालवली, गाळली, नळीत काठोकाठ भरून वर काचेचा बारीक चौकोन ठेवला आणि थांबायला सांगितलं. अंडी हलकी असतात, खारट पाण्यात वर तरंगतात आणि त्या काचेला चिकटतात, बस्स, एवढीच युक्ती आहे. पंधरा मिनिटांनी तिने मला स्क्रीनवर दाखवलं. ऑक्झ्युरिडचं अंडं लांबट, एका बाजूने जरा चपटं, काजूच्या पाकळीसारखं. आणि त्याच्या बाजूला अ‍ॅस्कॅरिडचं, गोल, जाड भिंतीचं, आत करडं काहीतरी भरलेलं, भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखं. एकाच नजरेत सात-आठ साबुदाणे. मला कुणी शिकवलं नव्हतं तरी फरक लगेच कळला. ती म्हणाली आता औषध द्यायचं.

आले कुठून? २०२३ मध्ये गणपतीला माझी एक मैत्रीण सहकुटुंब नाशिकला गेली होती आणि त्यांचं हॉर्सफील्ड जातीचं नर कासव तीन आठवडे आमच्या बागेत होतं. वेगळी जाळी होती पण गवत तेच आणि दुसऱ्या आठवड्यात मी जागा बदलून दिली होती, उन्हासाठी. तिथूनच आले हे सिद्ध करता येणार नाही पण मैत्रिणीला सांगितल्यावर तिने त्याची शी तपासून घेतली तर तेच गोल अंडं. तिची चूक नाही, तिला माहीतच नव्हतं, तो छान खात होता, पळत होता. पण दोन वेगळ्या जातींची कासवं, किंवा नवीन आणलेलं कासव, तपासल्याशिवाय एका बागेत सोडायचं नाही हे माझ्यापुरतं आता पक्कं.

औषधाबद्दल. डोस तिने करवंटीसाठी असा लिहून दिला: वजन १,१२० ग्रॅम, दर किलोला ५० मिलिग्रॅम, म्हणजे ५६ मिलिग्रॅम, १० टक्के लिक्विडमध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात म्हणून ०.५६ मिलि, एकदा, आणि दोन आठवड्यांनी परत एकदा. हा आकडा कॉपी करू नका, हे एका कासवाचं एका दिवसाचं गणित आहे. मी तो लिहितेय ते एका कारणासाठी. पॅनॅक्युर १० टक्क्यांतही येतं आणि गाई-मेंढ्यांसाठी अडीच टक्क्यांतही. दोन्ही पांढरंच लिक्विड. कुणीतरी अडीच टक्क्यांचं गणित करून २.२४ मिलि सांगितलं आणि तुमच्या हातात १० टक्क्यांची बाटली असेल तर चौपट डोस जातो. मिलि ऐकून घेऊन कधीही औषध देऊ नका, मिलिग्रॅम विचारा आणि बाटलीवरचे टक्के वाचा. बाटलीवर कुत्रा-मांजर लिहिलेलं असतं, कासवाचा उल्लेखच नाही, त्यामुळे लेबल वाचून तुम्हाला काही कळणार नाही आणि म्हणूनच व्हेटची चिठ्ठी लागते. कंपनीला मी यात दोष देत नाही, औषध मुळात कासवासाठी बनवलेलंच नाही. बाटली जोरात हलवायची, ते खाली बसतं.

पहिला डोस तिनेच क्लिनिकमध्ये नळीने दिला. घरी कुणी तोंड उघडून औषध सोडायला जाऊ नये असं तिने दोनदा सांगितलं. कासवाची श्वासनळी जिभेच्या मागे लगेच उघडते, आणि चुकून तिकडे काही गेलं तर आपल्यासारखं खोकून बाहेर टाकणं त्याला जमत नाही, फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया. मला त्या पहिल्या क्लिनिकमधली सिरिंज आठवली.

दुसरा डोस घरी, खाण्यातून. आदल्या संध्याकाळी खायला दिलं नाही, सकाळी कोमट अंघोळ, मग दिव्याखाली अंग चांगलं तापू दिलं कारण थंड कासवाचं पोट काम करत नाही, औषध नुसतं आत पडून राहतं. तिची बसायची जागा ३२-३३ अंश. डँडेलियनचं एकच मोठं पान, त्याच्या मधल्या शिरेच्या खाचेत एक मिलिच्या सिरिंजने ते दुधासारखं औषध सोडलं आणि पान दुमडून तिच्या पुढ्यात धरलं. तिने मान पुढे काढली, नाक लावलं, मागे घेतली. मी हात हलवला नाही. परत पुढे आली, टोकाला चावा घेतला, मग कुरकुर आवाज करत आत आत. शेवटी चोचीच्या बाजूला एक पांढरा ओघळ राहिला, तो मी दुसऱ्या पानाने पुसून घेतला आणि तेही पान तिने खाल्लं. चार मिनिटं. वास तिला नकोसा वाटला नाही म्हणून औषधाला तो चौथा स्टार. एक स्टार कमी, कारण पाच दिवस तिचं खाणं अर्ध्यावर आलं होतं आणि शी सैल होती, या वेळी मला ते अपेक्षित होतं म्हणून घाबरले नाही, फक्त रोज अंघोळ घालत राहिले, पाणी पोटात जाणं महत्त्वाचं.

औषधाइतकंच काम बागेत होतं. शी दिसली की उचल, रोज दोनदा. तिच्या टेबलमधली, म्हणजे घरातल्या उघड्या पेटीतली, माती पूर्ण टाकून दिली, जाळ्या आणि फरश्या उकळत्या पाण्याने धुतल्या कारण ती जाड भिंतीची अंडी नेहमीच्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत. बागेतला तिचा जुना तुकडा या वर्षी बंद, तिला दुसऱ्या कोपऱ्यात हलवलंय. हे केलं नसतं तर औषध देऊनही ती तीच अंडी परत गिळत बसली असती.

चार आठवड्यांनी पोस्टाने परत तपासणी. अ‍ॅस्कॅरिड नाहीत. ऑक्झ्युरिड एक प्लस. व्हेट म्हणाली, छान, आता थांबायचं. मी या वेळी काही हट्ट धरला नाही. सप्टेंबरमध्ये खात्रीसाठी अजून एकदा, स्वच्छ. मग शेवटचं खाणं बंद करून तीन-चार आठवडे पोट रिकामं होऊ दिलं आणि नोव्हेंबरमध्ये झोपवलं.

वेळेबद्दल एवढंच, तपासायचं ते ऑगस्टमध्ये. औषध लागलंच तर झोपेच्या आधी निदान सहा आठवडे हातात पाहिजेत, म्हणजे परत तपासायला, परत खायला, वजन भरायला वेळ मिळतो. ऑक्टोबरमध्ये औषध देऊन नोव्हेंबरमध्ये झोपवणं हे जे आमच्याकडून पहिल्या वर्षी होणार होतं ते सगळ्यात वाईट.

खर्च विचाराल तर: दोन किट ४८, व्हेटची फी ६२, तिथली तपासणी, पहिला डोस आणि घरी न्यायला भरून दिलेली सिरिंज मिळून ३८. एकूण १४८ पौंड, सप्टेंबरचं जादा किट सोडून. त्या पहिल्या क्लिनिकमध्ये न बघता दिलेलं औषध १९ पौंडांत झालं होतं.

आता दोन गोष्टी ज्या मला वारंवार विचारल्या जातात. आयव्हरमेक्टिन. गावाकडे गुरांना, कुत्र्यांना गोचीड-जंतांसाठी हे सर्रास वापरतात, कुणाच्या तरी कपाटात असतंच, आणि कासवालाही चालेल का म्हणून विचारणारे भेटतात. अजिबात नाही. कासवांना ते विष आहे, अंग लुळं पडतं, श्वास थांबतो. हे १९८३ पासून छापील माहीत आहे, तेव्हा वेगवेगळ्या जातींच्या कासवांवर तपासून बघितलं होतं, आणि काही जातींना फार थोड्या मात्रेतही पक्षाघात झाला. ज्या व्हेटला हे माहीत नाही त्याच्याकडून कासवासाठी काहीच घेऊ नका, हवं तर पहिल्याच फोनवर हाच प्रश्न विचारा, मी आता मैत्रिणींना हेच सांगते.

आणि वावडिंग. आईने फोनवर तीनदा सांगितलं, बाई गं थोडं उगाळून पानाला लाव, तुम्हाला दोघा भावंडांना मी तेच दिलंय. मी व्हेटला खरंच विचारलं. तिने नाव लिहून घेतलं, शोधलं, आणि म्हणाली की कासवासाठी याचा डोस कुणी ठरवलेला नाही, मी देणार नाही. भोपळ्याच्या बिया, पपईच्या बिया यांचंही तेच, आणि पपई तर हर्मनला नकोच, गोड फळाने त्या मागच्या आतड्यातलं आंबवण बिघडतं आणि उलट नको ते वाढतं. आईला मी सांगितलं की तपासलं, औषध दिलं, गेले. तिने विचारलं, सगळे? मी म्हटलं नाही, थोडे ठेवलेत, ते लागतात. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

हात धुवा, साबणाने, दर वेळी. कासवाचे पिनवर्म माणसाला होत नाहीत, पण साल्मोनेला होतो आणि निरोगी कासवाच्या शीतही तो असू शकतो. अंघोळीचा टब वेगळा, पाणी संडासात ओतायचं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. घरात बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर जास्तच.

या वर्षीचं किट आलंय, फ्रीजवर चिकटवलेल्या कॅलेंडरवर लेकीने ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी हिरवा गोल केलाय. कालचं वजन १,१४५.